‘आमचं योजनेत बसंल का?’ : मुलांच्या उपचारासाठी सरकारी पैसा मिळवू पाहणाऱ्या नव्या आई-बाबांसाठी वाटाड्या

मुलांच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलं की हा प्रश्न दिवसभर कानावर पडतो. ‘आमचं योजनेत बसंल का?’ विचारणारी आई बहुतेक वेळा रात्रभर जागलेली असते, बापाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलेले कागद असतात. प्रश्न अगदी बरोबर असतो. पण तो विचारायला बहुतेकांना दोन-तीन दिवस उशीर झालेला असतो.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याहून आलेलं जोडपं मला अजून आठवतं. आठ महिन्यांची मुलगी, हृदयाला छिद्र, त्यात न्यूमोनिया. जवळचं खासगी रुग्णालय गाठलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. काउंटरवर डिपॉझिट मागितलं. बाईंनी गळ्यातलं काढून दिलं, दिरानं सकाळपर्यंत पैसे उभे केले. चौथ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या आजींनी सांगितलं, की हे रुग्णालय ‘जीवनदायी’त, म्हणजे सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेत आहे, खाली आरोग्यमित्र (योजनेचं काम पाहणारा माणूस) बसतो. तोपर्यंत मुलगी रोखीचा पेशंट म्हणून दाखल झालेली होती, बिल चढत होतं. पुढचं ऑपरेशन योजनेतून झालं, मुलगी आता अंगणवाडीत जाते. पण त्या चार दिवसांचे पैसे परत मिळाले नाहीत, कारण योजना आधी मंजूर झालेल्या उपचाराचे पैसे रुग्णालयाला देते. तुम्ही खिशातून भरलेले तुम्हाला देत नाही.

म्हणून हा लेख. मुलाला काही झालेलं नसताना वाचलात तर सगळ्यात चांगलं.

पैसा कुठून येतो

हा भाग कोरडा वाटेल, पण टाळू नका. पैसा कोणाचा आहे हे कळलं की कोणाकडे मागायचा आणि अडला तर कोणाकडे तक्रार करायची हेही कळतं.

सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालयं हा आपल्या राज्यघटनेत राज्यांचा विषय आहे. त्यामुळे दिल्लीतून कितीही योजना जाहीर झाल्या तरी तुमच्या मुलापर्यंत त्या राज्य सरकारच्या हातूनच पोचतात. महाराष्ट्रात मुख्य योजना म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ही २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३च्या नोव्हेंबरात राज्यभर गेली, २०१७मध्ये तिचं नाव बदललं. लोक मात्र अजून ‘जीवनदायी’च म्हणतात, आणि रुग्णालयातही तो शब्द सगळ्यांना कळतो. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८मध्ये आली आणि २०२०पासून महाराष्ट्रात दोन्ही एकत्र राबवल्या जातात.

आता पैशाचं गणित. केंद्राच्या आयुष्मान यादीत ज्यांचं नाव आहे, त्या कुटुंबांचा खर्च केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के असा वाटून घेतात. त्या यादीत नसलेल्या, पण राज्यानं सामावून घेतलेल्या कुटुंबांचा भार राज्याच्या तिजोरीवर असतो. तुम्हाला काउंटरवर हा फरक जाणवू नये अशी रचना आहे. फक्त ‘तुमचं नाव आयुष्मानच्या यादीत नाही’ असं कुणी म्हणालं म्हणून निराश होऊन परत फिरू नका. त्या यादीत नसाल तरी राज्याच्या बाजूनं तुम्ही योजनेत असू शकता. असे परत फिरलेले किती तरी लोक मी पाहिलेत.

शाळा-अंगणवाडीतल्या तपासणीचा पैसा वेगळा, तो राष्ट्रीय आरोग्य अभियानातून येतो. त्यातही केंद्र-राज्य वाटणी ६०:४० अशीच. महापालिकेच्या रुग्णालयांचा पैसा महापालिकेचा. आणि धर्मादाय रुग्णालयांत गरिबांसाठी जो निधी असतो तो त्या रुग्णालयाच्या स्वतःच्या बिलांतून बाजूला काढलेला असतो. हे चार वेगळे खिसे आहेत. एक रिकामा म्हणून दुसरा रिकामा असतो असं नाही.

पायरी १ : बाळाचं नाव कागदावर आणा

सगळ्यात जास्त अडचण इथे येते, आणि ती घरबसल्या टाळता येते.

जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची, तोवर ती मोफत असते. प्रसूती रुग्णालयात झाली तर नोंद रुग्णालयच पाठवतं. तुमचं काम म्हणजे ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेकडून दाखला हातात घेणं. बारसं व्हायचं असेल तर नावाची जागा रिकामी ठेवून नोंद होते, नाव नंतर घालता येतं. एक वर्षाच्या आत नाव घालायला शुल्क नाही. आई-वडिलांच्या नावांची स्पेलिंग दाखल्यावर आणि आधारवर सारखी आहेत का, हे खिडकीवरून हलण्याआधीच वाचून घ्या. ‘सुरेखा’चं ‘सुलेखा’ झालेलं मंजुरीच्या वेळी संगणकाला चालत नाही, आणि ते दुरुस्त करायला तेव्हा वेळ नसतो.

दाखला मिळाला की रेशन कार्ड. बाळाचं नाव चढवायला तालुक्याला तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत आणि मुंबई-ठाण्यात शिधावाटप कार्यालयात नमुना ८चा अर्ज द्यावा लागतो, सोबत जन्मदाखला. नव्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी करून सासरच्या कार्डावर चढवायचं राहिलेलं असतं, असं घरोघर आढळतं. मग आई एका कार्डावर, बाप दुसऱ्या, बाळ कुठेच नाही. लग्नानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत हे काम उरकून टाका. आणि कार्डाचा बारा अंकी ऑनलाइन नंबर मोबाइलमध्ये जपून ठेवा. हल्ली कार्ड फाटकं असलं तरी चालतं, नंबर मात्र लागतो.

बाळाचं आधार पाच वर्षांखाली बोटांच्या ठशांशिवाय निघतं, आई किंवा वडिलांच्या आधारला जोडून. पाचव्या वर्षी आणि पुन्हा पंधराव्या वर्षी ठसे द्यावे लागतात, ते विसरू नका. पालकांच्या आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला असू द्या. रुग्णालयाच्या काउंटरवर ओटीपी जातो तो त्या नंबरवर, आणि तो नंबर चार वर्षांपूर्वी बंद झालेल्या सिमचा निघाला की सगळं थांबतं.

बाळ नवजात असेल आणि यातलं काहीच झालं नसेल तर घाबरू नका. आई-वडिलांचं रेशन कार्ड, बाळाचा जन्मदाखला किंवा रुग्णालयाची जन्मनोंद, आणि आई किंवा वडिलांसोबतचा बाळाचा फोटो घेऊन आरोग्यमित्राकडे जा. रेशन कार्डावर नाव नाही म्हणून तान्ह्या बाळाला योजना बंद होत नाही. पण वर्ष-दोन वर्षांचं मूल अजून कार्डावर नसेल, तर प्रश्न विचारले जातात.

आता कोणाचं कार्ड चालतं? पूर्वी पिवळं आणि केशरी एवढंच चालायचं, आणि शेतकरी आत्महत्यांचं सावट असलेल्या १४ जिल्ह्यांत शुभ्र कार्डाच्या शेतकऱ्यांनाही सवलत होती. २०२३च्या निर्णयानुसार आणि १ जुलै २०२४पासूनच्या अंमलबजावणीनुसार शुभ्र शिधापत्रिकाधारकांसह राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना योजना खुली झाली. रेशन कार्ड नसेल तर अधिवास दाखल्यावरही काम होतं. गावातल्या पाटीवर अजून जुनाच नियम लिहिलेला असेल, तर त्या पाटीवर विसंबू नका.

पायरी २ : पहिलं वर्ष

जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम १ जून २०११पासून सुरू आहे. त्यात सरकारी रुग्णालयात प्रसूती मोफत, सिझेरियन झालं तरी मोफत, आणि आजारी बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या, रक्त हे सगळं मोफत. सुरुवातीला बाळासाठी मुदत ३० दिवसांची होती, पुढे ती वर्षाची झाली. घरून रुग्णालयात, तिथून मोठ्या रुग्णालयात आणि परत घरी सोडायला गाडी मिळते. त्यासाठी १०२, आणि जिवावर बेतलं असेल तर १०८.

कमी वजनाची, कमी दिवसांची बाळं जिल्हा रुग्णालयातल्या नवजात शिशु अतिदक्षता कक्षात ठेवतात. खासगीत तीन दिवसांचं बिल पाहून हबकलेल्या कुटुंबांना मी सांगते, बाळ हलवण्याजोगं आहे का हे डॉक्टरांना विचारा, आणि असेल तर या कक्षात जागा आहे का ते आधी फोन करून पाहा.

इथे एक गोष्ट पोटतिडकीनं सांगायची आहे. बाळ ३४ आठवड्यांच्या आत जन्मलं असेल किंवा वजन दोन किलोपेक्षा कमी असेल, तर महिनाभराच्या आत त्याच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून घ्या. बाहेरून डोळे छान दिसतात, बाळ टकामका बघतंय असं वाटतं, आणि आत पडद्याच्या रक्तवाहिन्या बिघडत असतात. वेळेत लेझर किंवा इंजेक्शन मिळालं तर दृष्टी वाचते. उशीर झाला तर कितीही पैसा ओतून ती परत येत नाही. डिस्चार्ज कार्डावर ही तारीख लिहून मागा.

पायरी ३ : अंगणवाडीत आणि शाळेत येणारं पथक

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशभरातली सुरुवात आपल्याच पालघरमधून झाली, फेब्रुवारी २०१३मध्ये. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं यात येतात. पथकात दोन डॉक्टर (एक पुरुष, एक स्त्री), एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असते. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा, सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी होते. जन्मजात व्यंग, जीवनसत्त्वांची कमतरता, बालपणातले आजार आणि वाढीतला उशीर असे चार गट, मिळून ३० प्रकारच्या तक्रारी ते शोधतात.

जन्मजात दोषांची यादी लक्षात ठेवण्यासारखी आहे : दुभंगलेले ओठ किंवा टाळू, आत वळलेली पावलं, खुब्याचा सांधा निखळलेला असणं, जन्मजात मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयाचे दोष, मज्जारज्जूचे दोष, डाउन सिंड्रोम आणि वर सांगितलेला अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा डोळ्यांचा आजार.

पालक या तपासणीला किती कमी महत्त्व देतात याचं मला फार वाईट वाटतं. ‘पथक आलं होतं, काहीतरी चिठ्ठी दिली’ असं म्हणतात आणि ती चिठ्ठी दप्तरात विरघळून जाते. ती चिठ्ठी म्हणजे पुढच्या सगळ्या मोफत उपचाराचं दार आहे. तिच्यावर मुलाला जिल्हा रुग्णालयात, तिथल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. हृदयाचा संशय असेल तर टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) होतो, कानाचा असेल तर श्रवणचाचणी. ऑपरेशन लागणार असेल तर आधी फुले योजनेत बसतं का पाहतात, आणि नाही बसलं तर या कार्यक्रमाच्या स्वतःच्या निधीतून करारबद्ध रुग्णालयात करवून घेतात. म्हणजे ज्या मुलाचं निदान पथकातून झालंय त्याच्या मागे दोन खिसे उभे असतात.

मूल खासगी इंग्रजी शाळेत असेल तर पथक तिथवर येत नाही. अशा वेळी स्वतः जिल्हा रुग्णालयातल्या त्या केंद्रात जाऊन नाव नोंदवा. अजून शाळेत न जाणारं मूल असेल तर आशाताईंना सांगा. अंगणवाडीत नाव आहे पण मूल तिथे जात नाही, असं असेल तर तपासणीच्या दिवशी तरी घेऊन जा; तारीख सेविकेला महिनाभर आधी ठाऊक असते.

बहिरेपणाबद्दल थोडं जास्त. मूल दीड वर्षाचं झालं तरी हाकेला वळत नाही, ‘आई’ म्हणत नाही, आणि घरात सगळे म्हणतात ‘याचा बापही उशिराच बोलला’. कृपा करून थांबू नका. कॉक्लियर इम्प्लांट (ऑपरेशन करून कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र) मुलाच्या आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत बसलं तरच भाषा नीट येते. अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी वयाची अट १ ते ५ वर्षं अशी आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, तिथे हे काम पाहतात. इम्प्लांट बसल्यावर दोन-दोन वर्षं बोलण्याची थेरपी करावी लागते, त्यासाठी गाव सोडून राहावं लागू शकतं. त्याची तयारी आधी करा, कारण थेरपीवाचून इम्प्लांट नुसतं यंत्र राहतं.

पायरी ४ : फुले योजनेत दाखल होताना

सध्या कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांचं संरक्षण आहे. कुटुंबाला, प्रत्येक मुलाला नव्हे. आजोबांच्या अँजिओप्लास्टीत दीड लाख गेले असतील तर बाळासाठी साडेतीन उरले. कुटुंबात माणसं किती यावर मर्यादा नाही, वयाची अट नाही, आणि आजार योजनेच्या आधीपासून असला तरी चालतो. जन्मजात आजारांबाबत खासगी विमा पॉलिसींत ज्या अटी-मुदती घालतात, त्या इथे नाहीत.

१ जुलै २०२४पासून यादीत १३५६ उपचार होते, आणि यादी त्यानंतर वाढत गेली आहे. म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जुन्या पीडीएफवरून ‘बसत नाही’ असं ठरवू नका. मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं, कर्करोगाची केमो, भाजलेल्या जखमा, नवजात बाळांचे गंभीर आजार हे सगळं यात येतं. साधा ताप, लसीकरण, बाह्यरुग्ण तपासणी हे यात येत नाही. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालय आहेत, आणि १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सगळं मोफत आहे. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकेची रुग्णालयं त्या निर्णयात नाहीत, तिथे थोडं शुल्क भरावं लागतं.

रुग्णालयात पोचल्यावर काय करायचं ते क्रमानं सांगते.

दारातून आत गेल्यावर पहिला प्रश्न : ‘आरोग्यमित्र कुठे बसतात?’ केसपेपरच्याही आधी. रुग्णालय योजनेत असलं, त्याला ‘अंगीकृत रुग्णालय’ म्हणतात, तर तिथे त्यांचं टेबल असतंच. ते रुग्णालयाचे नोकर नसतात, योजनेचे असतात. नसलेच जागेवर, तर १५५३८८ किंवा १८००२३३२२०० हे टोल फ्री नंबर लावा.

दुसरं, दाखल करण्याच्या फॉर्मवर ‘योजना’ असं लिहून घ्या. रोखीचा पेशंट म्हणून एकदा फाइल उघडली की ती फिरवणं फार जड जातं. वर सांगितलेल्या जोडप्याचं तिथेच चुकलं, आणि त्यांना सांगणारं कुणी नव्हतं.

मग आरोग्यमित्र तुमचं कार्ड तपासतात, रुग्णालय निदानाचे कागद लावून ऑनलाइन मंजुरी मागतं. सगळे रिपोर्ट जोडलेले असतील तर मंजुरी साधारण दिवसभरात येते. ‘क्वेरी पडली’ असं सांगितलं तर घाबरू नका. नाकारलं असा त्याचा अर्थ नाही, वरच्या डॉक्टरांना आणखी एखादा रिपोर्ट किंवा फोटो हवा आहे एवढंच. कोणता, हे विचारा आणि त्याच दिवशी द्या. क्वेरी पडून राहिली म्हणून आठवडाभर ताटकळलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि कारण निघालं होतं एक न चढवलेला एक्स-रे.

जीव धोक्यात असेल तर मंजुरीची वाट बघत बसायचं नसतं. डॉक्टर फोनवरून तातडीची मंजुरी घेतात आणि उपचार सुरू होतात, कागद नंतर देता येतात. हे तुम्हाला माहीत आहे एवढं काउंटरवर कळलं तरी गोष्टी वेगानं हलतात.

मंजुरीनंतर खाट, जेवण, औषधं, ऑपरेशन, भूल, आयसीयू, तपासण्या, लागणारे सुटे भाग, सगळं पॅकेजात, म्हणजे त्या उपचाराच्या ठरलेल्या दरात, धरलेलं असतं. ‘एवढं एक औषध बाहेरून आणा’, ‘हा फरक तुम्हाला भरावा लागेल’ असं कुणी म्हणालं तर भांडू नका, पण लेखी मागा. चिठ्ठी द्या म्हणा. आणलंच औषध तर पावती जपून ठेवा, आरोग्यमित्राला दाखवा, टोल फ्री नंबरवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्या. पावती नसेल तर तक्रार उभीच राहत नाही.

रुग्णालयं असं का वागतात, याचाही विचार करायला हवा. प्रत्येक उपचाराचा दर शासनानं ठरवून दिलेला आहे आणि पैसे नंतर मिळतात. महागड्या शहरात लहान बाळाचं गुंतागुंतीचं ऑपरेशन त्या दरात बसत नाही असं काही रुग्णालयांचं म्हणणं असतं, आणि ते नेहमी खोटं नसतं. दर वाढवणं हे शासनाचं काम आहे, ते वेळेवर व्हायलाच हवं. पण दर परवडत नाही म्हणून आईच्या गळ्यातलं मागणं हा त्यावरचा उपाय असू शकत नाही. ‘बेड नाही’ असं उत्तर मिळालं तर टोल फ्री नंबरवरून त्याच आजारासाठी जवळची दुसरी अंगीकृत रुग्णालयं विचारून घ्या. काही उपचार तर फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. खासगीतून ‘हे आमच्याकडे योजनेत होत नाही’ असं आलं तर ते खरंही असू शकतं.

नाहीच बसलं तर

धर्मादाय रुग्णालयं ही मोठी, आणि फार थोड्यांनी वापरलेली वाट आहे. ट्रस्टच्या नावानं चालणारी, करात सवलत घेणारी मोठी रुग्णालयं यात येतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं ४१ कक कलम आणि उच्च न्यायालयानं २००६मध्ये ठरवून दिलेली योजना यांनुसार त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात, आणि बिलांच्या २ टक्के रक्कम गरीब रुग्णांच्या निधीत जमा करायची असते. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तातडीच्या वेळी अशा रुग्णाकडून डिपॉझिट न घेता दाखल करून घेणं बंधनकारक आहे. तिथल्या समाजसेवकांना भेटा, ‘आयपीएफ’ (गरीब रुग्णांचा तोच निधी) हा शब्द वापरा, अर्जाची पोच घ्या. दाद लागली नाही तर जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्तालयात लेखी तक्रार करा. उत्पन्नाचा दाखला मूल आजारी पडल्यावर काढायला गेलात तर आठवडा जातो. शाळेच्या शिष्यवृत्तीसाठी काढता तेव्हा त्याची एक प्रत फाइलीत ठेवून द्या.

मुख्यमंत्री सहाय्यता निधी त्यानंतर. उत्पन्नाची मर्यादा १ लाख ६० हजार. डॉक्टरांचं खर्चाचं अंदाजपत्रक, रिपोर्ट, रेशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, आणि लहान बाळ असेल तर आईचं आधार. पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात, आणि रुग्णालय त्या निधीकडे नोंदलेलं असावं लागतं. आता जिल्हाधिकारी कार्यालयांतही कक्ष आहेत, मंत्रालयात हेलपाटे घालायची गरज नाही. आणि या कामासाठी कुणी ‘साहेबांचा माणूस’ टक्केवारी मागत असेल तर उठून चालू लागा. अर्ज मोफत आहे.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर केंद्राच्या नॅशनल ट्रस्टची निरामय योजना वेगळी आहे. वर्षाला १ लाखापर्यंत, आणि यात फिजिओ, स्पीच अशा नेहमीच्या थेरपीचाही खर्च धरतात. फुले योजना जिथे हात वर करते तिथे ही उपयोगी पडते. पालकांपैकी कुणाच्या पगारातून ईएसआयची (कामगार राज्य विम्याची) कपात होत असेल तर ईएसआयचं रुग्णालय आधी पाहा, तिथे मुलांनाही हक्क आहे.

नवी मुंबईत खारघरला श्री सत्य साई संजीवनी केंद्रात मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं पूर्ण मोफत होतात, तिथे बिलाचं काउंटरच लागत नाही. मुंबईत परळला वाडिया बाल रुग्णालय आणि टाटा स्मारक रुग्णालय आहेत. कर्करोगाच्या उपचाराला महिनोन्‌महिने लागतात, आणि कुटुंब मोडतं ते बहुधा राहण्याच्या खर्चानं. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि सेंट ज्यूड संस्थेची मुलांसाठीची निवासकेंद्रं त्यासाठीच आहेत. टाटातल्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी नाव सांगा.

गोव्यात राहणाऱ्यांसाठी राज्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे : तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर ४ लाख, अट पाच वर्षांच्या वास्तव्याची. बेळगाव-कारवार-बिदर सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी कुटुंबांना महाराष्ट्रानं फुले योजना लागू करण्याचा निर्णय २०२३मध्ये घेतला. त्यासाठीचा दाखला कुठला चालेल हे निघण्याआधी टोल फ्री नंबरवर विचारून घ्या.

घरी सोडताना

डिस्चार्जच्या दिवशी सगळ्यांना घरची ओढ असते, आणि नेमक्या तेव्हाच कागद राहून जातात. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या नोंदी, इको आणि एक्स-रेच्या मूळ फिल्म मागून घ्या. पुढच्या तपासणीची तारीख तोंडी नको, लिहून. घरी गेल्यावर १० दिवसांपर्यंतची तपासणी आणि औषधं पॅकेजात आहेत, ती तिथूनच घ्या. रुग्णालयानं किती रकमेचा उपचार लावला हेही विचारा. वर्षभरात कुटुंबाच्या पाच लाखांतले किती उरले ते कळतं, आणि न झालेला उपचार लावला गेला असेल तर तोही लक्षात येतो. ‘समाधानी आहे’ असा फॉर्म किंवा मोबाइलवर फोन येईल, त्यावर खरं तेच सांगा. पैसे घेतले असतील तर घेतले म्हणा, उपचार चांगला झाला असेल तर तेही म्हणा.

आणि घरी जायचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंही पॅकेजात असतं. ते मागितल्याशिवाय सहसा कुणी देत नाही. निघण्याआधी आरोग्यमित्राकडे मागून घ्या.